चांदीचं पाणी

तिला भिंगरी हे नाव मास्तरांनी दिलं. त्यांच्या चष्म्याच्या दुकानामागच्या लांबट खोलीत ती भिंगं घासायची, हे एक कारण. आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी अखंड हलायची, हे दुसरं. उभ्याने डबा खायची, फोनवर बोलताना खोलीच्या चार फेऱ्या मारायची, देवळातला घंटानाद संपेपर्यंतही एका जागी थांबायची नाही. नाव इतकं चपखल बसलं की तिचं खरं नाव पुढे फक्त सहीपुरतं उरलं. नवराही तिला भिंगरीच म्हणायचा, आणि नवऱ्याची थोरली बहीणही.

ती थोरली बहीण, म्हणजे ताई, त्यांच्याकडेच राहायच्या. स्वतःचा नवरा वारल्यावर एक शिवणाचा डबा आणि दोन पिशव्या घेऊन आल्या त्या आल्याच. घरात बसून एका शिंप्याची काजं करून द्यायच्या. एका सदऱ्याची सात काजं, आणि टाका असा की शिंपी दुसऱ्या कुणाला काम द्यायला तयार नसे. भिंगरीचा नवरा बाइंडर होता. जुनी पुस्तकं उसवायची, पानं शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. माणूस शांत. भिंगरी दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं तो महिन्यात बोलत असेल. तिघांच्या घरात दोन खोल्या आणि मागे एक बरी मोठी गॅलरी.

बावीस वर्षं भिंगरीने काच घासली. काचेची चकती डांबराने मुठीला चिकटवायची, लोखंडी वाटीत कुरुंदाची पूड आणि पाणी घालायचं आणि चाकावर फिरवायची. आधी रवाळ पूड, मग बारीक, मग पिठासारखी, आणि शेवटी झिलई. बोटाचं पेर काचेवरून फिरवलं की कुठे केसभर उंचवटा आहे ते तिला कळायचं. मास्तर म्हणायचे, "माझं यंत्र एकदा चुकेल, पण हिचं बोट चुकणार नाही."

मग प्लास्टिकची भिंगं आली. खोक्यातून, तयार, नंबरासकट. दोन वर्षांत तीनपैकी दोन चाकं उचलून नेली, तिसऱ्यावर फडकं पडलं. भिंगरीची नोकरी राहिली, काम गेलं. आता खोक्यातून भिंग काढायचं, फ्रेमच्या मापाने कडा कापायची, स्क्रू पिळायचा. दिवसाचं काम तीन तासांत संपायचं.

हातांना ते मानवेना. संध्याकाळी घरी आली की हात शिवशिवायचे. तिने घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली. शेजारणीचे अडकणारे खण तासून दिले. चालू असलेलं घड्याळ उघडून पुन्हा बसवलं, तेव्हापासून ते मागे पडायला लागलं. ताई म्हणाल्या, "अगं, त्या हातांना कशाला तरी जुंप, नाहीतर एक दिवस घर उसवून ठेवशील."

एकदा मास्तर माळा आवरत होते. वरून दोन जाड काचेच्या चकत्या निघाल्या. जेवणाच्या थाळीपेक्षा लहान, पण बोटभर जाडीच्या. कुठल्याशा जुन्या यंत्राच्या खिडकीच्या. मास्तर सहज बोलून गेले, "आमच्या तरुणपणी एक जण असल्या दोन काचा एकमेकींवर घासून दुर्बिणीचा आरसा करायचा. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगते. सहा महिने घासत होता, वेडा."

"द्या मला," भिंगरी म्हणाली.

"काय करणार आहेस?"

"तेच."

तिने दोन्ही काचा त्याच संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेल्या. गॅलरीत पाण्याने भरलेलं पिंप होतं. त्याच्या झाकणावर एक काच पक्की बसवली, वर कुरुंद आणि पाणी, त्यावर दुसरी काच. हा आरसा घासायचा म्हणजे माणसाला पिंपाभोवती फिरावं लागतं. चार हात मारायचे, एक पाऊल सरकायचं, वरची काच थोडी वळवायची, पुन्हा चार हात. फिरायला कारण मिळालं तशी भिंगरी खूश. कामावरून आली की पदर खोचून गॅलरीत जायची आणि दीड-दोन तास गोल गोल फिरायची. आत खर्र खर्र आवाज यायचा. दाराशी स्टुलावर ताई काजं करत बसायच्या.

"घाण्याचा बैल बरा," त्या म्हणायच्या. "त्याला निदान शेवटी तेल तरी दिसतं."

"आरसा निघणार आहे यातून, ताई."

"घरात आहे की आरसा. भिंतीवर."

"तो सपाट आहे."

"माझं तोंडही सपाटच आहे. चालतंय मला."

नवरा आत पुस्तक शिवता शिवता हसायचा.

पाच महिने ती फिरली. पिठाइतकी बारीक पूड झाली, झिलई झाली. मास्तर घरी येऊन दिव्याचा उजेड आणि ब्लेडची धार वापरून आरशाचा खोलगटपणा तपासून गेले. तीन वेळा त्यांनी मान हलवली आणि तिने पुन्हा घासला. चौथ्या वेळी ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "झालं. आता हात लावू नकोस."

पण झाला होता तो नुसता काचेचा खळगा. त्यावर चकाकणारा थर चढवायला हवा. मास्तर म्हणाले, "तसला थर चढवणारा कारखाना आहे, तिथे पाठवू. मोठी यंत्रं असतात त्यांची. चार महिने लागतील, त्यांच्याकडे रांग असते."

"चार महिने!"

"पाच महिने घासलास ना? मग?"

घासणं वेगळं होतं. घासताना हात हलत होते. चार महिने नुसतं बसायचं, हे ऐकूनच तिच्या अंगाला मुंग्या आल्या.

अशा वेळी माणसाला नको ते बरोबर हाताशी सापडतं. नवऱ्याकडे बाइंडिंगला आलेल्या गठ्ठ्यात काच आणि आरशांवरचं एक जुनं पुस्तक होतं. पाठ सुटलेली, पानं पिवळी. त्यात एक प्रकरण घरच्या घरी काचेवर चांदी चढवण्याचं. चांदीचा क्षार, नाकात झणझणणारं अमोनियाचं पाणी, आणखी एकदोन गोष्टी. भिंगरीने ते प्रकरण कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर उतरवून घेतलं. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती: उरलेले द्रावण साठवू नये, त्याच वेळी भरपूर पाण्याबरोबर ओतून टाकावे, अन्यथा त्याचा स्फोट होतो. तिने तीही उतरवली. खाली रेघसुद्धा ओढली.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी म्हटलं तरी तू थांबणार नाहीस. पण एक ऐक. चांदीचं पाणी शिळं झालं की माणसावर उलटतं. थेंब ठेवायचा नाही."

"हो, मास्तर. लिहून घेतलंय."

पहिल्या वेळी काही जमलं नाही. आरशावर तपकिरी डाग पडले, मध्ये नुसती राख फासल्यासारखी. तिने ते पुसून काढलं. बोटं काळी झाली ती साबणाने, लिंबाने, कशानेच निघेनात. आणि भांड्यात अर्धी बाटली पाणी उरलं. ती ते घेऊन मोरीपाशी गेली. उभी राहिली.

चांदी होती ती. इतकी खटपट करून मिळवलेली चांदी मोरीत ओतायची? तिच्या हातांनी आजवर काही फेकलं नव्हतं. काचेचा चुराही ती डब्यात भरून ठेवायची. तिने विचार केला, यातून चांदी परत काढायची रीत असेलच, एकदोन दिवसांत बघू. आणि एका बाटलीत ते पाणी भरून, बूच लावून, पलंगाखालच्या जुन्या चिंध्यांच्या खोक्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती दोनदा वाकून बघून आली. बाटली शहाण्यासारखी उभी होती. पुस्तकवाले भित्रे असतात, असं तिच्या मनाने घेतलं. मग कामाच्या गडबडीत ती ते विसरलीच.

दुसऱ्या वेळी मात्र जमलं. काच पाण्याखाली असतानाच आधी काळपट झाली, मग धुक्यासारखी, आणि मग एकदम आतून उजेड आल्यासारखी चमकली. भिंगरी ओरडली तशी ताई आणि नवरा धावत आले. तिघांनी आरशात डोकावलं. तिघांची तोंडं भोपळ्याएवढी दिसत होती.

"बाई गं," ताई म्हणाल्या, "माझ्या नाकावर एवढे खड्डे आहेत?"

फक्त कडेला बोटभर पट्टा कोरा राहिला होता. नवऱ्याने म्हटलं, "राहू दे, चालेल." पण केसभर उंचवटा ज्या बोटाला खपत नव्हता त्याला बोटभर पट्टा कुठला खपणार? रविवारी पुन्हा एकदा करू, असं तिने ठरवलं, आणि उरलेलं पाणी या वेळी एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओतून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. मधे दोनच दिवस होते. गॅलरीत दुपारभर ऊन यायचं.

रविवारी सकाळी भिंगरी आत टेबलावर कॅलेंडरची पानं पसरून बसली होती. ताई गॅलरी झाडत होत्या. झाडताना चष्मा घसरतो म्हणून त्यांनी तो काढून शिवणाच्या डब्यावर ठेवला होता.

"अगं, हे कशाला ठेवलंयस इथे?" त्यांचा आवाज आला. "कडेला काळं काळं धरलंय. वास तरी किती!"

भिंगरीने वर बघितलं. ताईंच्या डाव्या हातात बरणी होती. त्या ती तिरकी करून काळी कड निरखत होत्या.

"ताई, राहू दे, खाली ठे..."

फाड्कन आवाज झाला. मोठा नव्हे, पण कानाच्या आतच झाल्यासारखा. पांढरा उजेड, आणि मग काहीच ऐकू येईना, नुसती शिटी. ताई जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या. हात तसाच वर, आणि बोटांत बरणीची नुसती मान. डाव्या गालावर काळं पाणी ओघळत होतं, त्यात लाल मिसळत होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचे ओठ हलले. भिंगरीला ते नीट ऐकूही आलं नाही, पण कळलं.

"मला दिसत नाहीये गं. माझा चष्मा दे."

नवरा आतून आला आणि दारात थिजला. मग एकदम ताईंना उचलायला धावला. "चल, दवाखान्यात चल."

"थांबा," भिंगरी म्हणाली. "आधी पाणी."

"अगं, रक्त बघ!"

"आधी पाणी! डोळ्यात जाळणारं पाणी गेलंय ते. पाणी नाही घातलं तर डोळा जाईल."

दुकानाच्या मागच्या खोलीत हे भिंतीवर लिहिलेलं होतं आणि बावीस वर्षांत तिने दोनदा ते करून बघितलं होतं. तिने ताईंना मोरीत बसवलं, मान एका बाजूला कलवली, आणि तांब्याने, बारीक धारेने, नाकाकडून कानाकडे पाणी सोडत राहिली. चोळायचं नाही, बोट लावायचं नाही, काच असेल. नुसतं पाणी. नवरा फोन करून रिक्षा बोलावून खाली जाऊन पुन्हा वर आला, "चला, आली," म्हणाला, आणि भिंगरी म्हणाली, "अजून पाच मिनिटं." घड्याळात बघून पंधरा मिनिटं तिने ती धार तोडली नाही. आयुष्यात एका जागी एवढा वेळ ती बसली नव्हती.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "काय फुटलं?"

"फिनेलची बाटली," नवरा झटकन म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, कान लाल झाले.

"फिनेल नव्हतं," भिंगरी म्हणाली. "चांदीचं पाणी होतं. अमोनिया घातलेलं. मी केलं होतं, आणि ओतून द्यायचं सोडून ठेवलं होतं."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र पुढचा शब्द न बोलता डोळा धुवायच्या दोन बाटल्या मागवल्या आणि ताईंना आत नेलं. दार लागलं.

अर्ध्या तासाने नवरा उठला. "ताईचे कपडे आणतो. कागदपत्रं पण लागतील. आणि घर तसंच पडलंय, काचा आहेत, जरा झाडून येतो." पिशवी आणि आपला फोन तिच्यापाशी ठेवून तो गेला.

भिंगरी फेऱ्या मारत राहिली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. एका बाईने पाय आक्रसून घेतले, परिचारिकेने दोनदा बसा म्हणून सांगितलं. डाव्या कानात शिटी चालूच होती. खिडकीपाशी तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. पेरांवर अजून काळे डाग होते. पहिल्या वेळचे.

पहिल्या वेळचे.

पलंगाखाली बाटली होती. ही बरणी दोन दिवसांची होती. ती बाटली तीन आठवड्यांची. आणि नवरा घर झाडायला गेला होता. तिचा नवरा, जो झाडायला लागला की कपाटामागचंही सोडत नाही.

आपल्या फोनवरून त्याला लावायला गेली तर घंटी तिच्याच पिशवीत वाजली. त्याचाच फोन तिच्यापाशी. शेजारणीचा नंबर नव्हता. ती जिन्यावरून खाली आली ती धावतच. थांब्यावर बस नव्हती, रिक्षा दिसेना. दीड मैल असेल, ती पळाली. चप्पल तुटली ती काढून हातात घेतली, मग टाकून दिली. लोक वळून बघत होते. कुणीतरी "अहो बाई, काय झालं?" म्हणालं. छाती फुटायची वेळ आली तरी एकच गोष्ट डोक्यात घुमत होती: पलंगाखाली पाणी गेलं असेल का. मोरीत तिने एवढं पाणी ओतलं होतं. गेलं असेल तर तो खोकी ओढणार.

ती दारात पोचली तेव्हा नवरा पलंगाजवळ गुडघ्यांवर बसला होता. दोन ओली खोकी बाहेर काढलेली, आणि हात तिसऱ्यावर. चिंध्यांचं खोकं अर्धं बाहेर आलं होतं.

"हात काढा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"काय?"

"खोक्यावरून हात काढा. ओढू नका. हळूच काढा आणि माझ्याकडे या."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात काढला. उठला. दोघं भिंतीला धरून मागे मागे जिन्यात आली, दार नुसतं लोटून घेतलं. मग त्याने विचारलं, "अजून आहे?"

"आहे."

तो पायरीवर बसला. ती शिव्या द्या म्हणाली असती तरी त्याने दिल्या नसत्या.

भिंगरीने फोन केला तशी अग्निशामक दलाची गाडी आली. मग आणखी एक बंद गाडी आली, जाड पोशाखातल्या माणसांची. चाळीसेक घरं रिकामी करून सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं. कुणी अर्धी भाजी चिरून आलेलं, कुणी डोक्याला साबण लावलेलं. पुढे आलेल्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, नेमकं काय आहे, किती आहे, किती दिवसांचं आहे. तिने सगळं सांगितलं. सकाळी दवाखान्यात निघताना कमरेला खोचलेली कॅलेंडरची पानंही त्याच्या हातात दिली. त्याने शेवटपर्यंत वाचलं. रेघ ओढलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे वाचता येत होतं."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. पान घडी करून परत दिलं आणि तो आपल्या कामाला लागला. पण भिंगरीला वाटलं, याने थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

तिच्या शेजारी भिंतीपलीकडे राहणारी तरुण मुलगी उभी होती, कडेवर चार महिन्यांचं बाळ. ती हळूच म्हणाली, "मावशी, आमचा पाळणा त्याच भिंतीला आहे." एवढंच. आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन जरा लांब जाऊन उभी राहिली.

तासाभराने इमारतीमागच्या मोकळ्या जागेतून आवाज आला. वाळूच्या गोण्यांच्या आत त्यांनी बाटली फोडली होती. सकाळच्यापेक्षा कितीतरी मोठा आवाज. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रस्त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. भिंगरी दवाखान्याकडे चालू लागली होती, अनवाणी.

ताईंना एकोणीस दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी घातलं म्हणून डोळा जागेवर राहिला, नाहीतर काढावा लागला असता. पण नजर नाही राहिली. डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळेल. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. गालावरचे काळे डाग काही आठवड्यांनी गेले, काचेचे ओरखडे राहिले. पोलिसांनी जबाब घेतले, दोनदा बोलावलं, कडक समज देऊन नोंद करून ठेवली. घरमालकाने महिन्याच्या आत जागा सोडायला सांगितली, आणि त्याला कुणी चूक म्हटलं नाही, भिंगरीनेही नाही. मास्तर मात्र रोज कामावर तिच्यापेक्षा जास्त कोमेजून बसायचे. "काचा मी दिल्या," म्हणायचे.

"काचा नाही फुटल्या, मास्तर," ती म्हणायची.

नव्या जागेत एक खोली कमी होती. शिंप्याने उरलेलं कापड परत नेलं. काज करायला एक डोळा पुरतो, पण कापड ताणून धरायला दहा बोटं लागतात. ताईंनी शिवणाचा डबा बंद केला आणि त्या खिडकीशी बसू लागल्या. भिंगरीशी कामापुरतं बोलायच्या. मीठ दे. दार लाव. डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं काम भिंगरीचं होतं. त्या आडव्या व्हायच्या, ती पापणी उचलायची, थेंब सोडायची. भिंगरीचे हात आता कशालाच लागत नव्हते. पाय मात्र थांबेनात. नव्या खोलीत फिरायला जागा नव्हती, तर ती जिना चढायची आणि उतरायची.

आणि आरसा शाबूत होता. हलवाहलवीत तो कुणीतरी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला होता. एका संध्याकाळी भिंगरीने तो बाहेर काढला, फडकं सोडलं, आणि शेगडीशेजारचा बत्ता उचलला.

"काय करतेस?" ताईंनी खिडकीतून मान न वळवता विचारलं.

"फोडते."

"कशाला?"

"घरात नको वाटतो मला."

ताई वळल्या. उजव्या डोळ्याने तिला नीट बघता यावं म्हणून आता त्यांना मान बरीच वळवावी लागायची. "मला एक सांग. तुला त्यातून बघायचं काय होतं?"

भिंगरी बत्ता धरून उभी राहिली. चंद्र म्हणावं, तारे म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. पण तिने आठवून बघितलं तर पाच महिन्यांत एकदाही ती संध्याकाळी मान वर करून आभाळाकडे बघायला गेली नव्हती.

"काहीच नाही, ताई," ती म्हणाली. "हात थांबत नव्हते, म्हणून."

ताईंचा आवाज एकदम चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "म्हणजे काहीच बघायचं नव्हतं, आणि त्यापायी माझा डोळा गेला? चंद्रासाठी गेला असता तर मी एक वेळ म्हटलं असतं, बरं बाई, चंद्रासाठी गेला. काहीच नाही म्हणतेस? वर आता फोडतेस? म्हणजे मी कुणाला काय सांगू?"

भिंगरी रडायला लागली. ताईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "ठेव तो बत्ता. तुझ्या मास्तरांना सांग, तो कुठला कारखाना आहे तिथे पाठवा म्हणावं. आता पुरं कर. आणि घरात एक थेंब आणशील तर बघ."

चार महिने सांगितले होते, साडेपाच लागले. ते भिंगरीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याने एक दिवस कामावरून पुठ्ठ्याचे मोठे ताव आणले. न विचारता, न सांगता, खळ शिजवली. एका जाड पाइपाला गुंडाळून एकावर एक ताव चिकटवत त्याने माणसाच्या छातीएवढी उंच नळी केली. वाळल्यावर पुस्तकाला चढवतात तसं काळं कापड चढवलं, तोंडाशी कातडी पट्टी लावली. त्या रविवारनंतर त्याने घरात हौसेने केलेली ती पहिली गोष्ट. भिंगरी कापडाची घडी धरायला बसली. तो सोड म्हणेपर्यंत तिने बोट उचललं नाही.

आरसा आला, मास्तरांनी बसवला. गच्चीवर सगळं उभं केलं तेव्हा दिवस नुकता मावळला होता आणि अर्धा चंद्र वर होता. स्टूल ताईंसाठी होतं. त्यांनी उजवा डोळा लावला.

"काही दिसत नाही." मग, "थांब. थांब, हलवू नकोस." मास्तर खाकरले. नवरा कठड्याला टेकून उभा होता.

"अगं, हे उकरल्यासारखं आहे सगळं," ताई म्हणाल्या. "कडेला बघ, सावल्या पडल्यात खड्ड्यांच्या. खऱ्या सावल्या." त्यांनी हाताने भिंगरीला चाचपलं आणि जवळ ओढलं, पण जागा काही दिली नाही. "छान आहे."

भिंगरी नळी धरून राहिली.

"छान आहे," ताई पुन्हा म्हणाल्या, डोळा न काढता. "पण माझा डोळा याहून छान होता."

"हो, ताई."

आता आभाळ स्वच्छ असलं की ताई गच्चीवर जातात. भिंगरी नळी उचलून नेते, नवरा स्टूल. इमारतीतल्या बायका, कामावरून आलेले पुरुष, कुणी ना कुणी डोकावून जातं. गुरूचे चंद्र कुठल्या बाजूला आहेत, आज काय दिसेल, हे ताईंना सगळं तोंडपाठ झालंय. कुणी नवीन माणूस विचारतो, आजी, ही दुर्बीण केली कुणी? ताई भिंगरीकडे बोट दाखवतात, त्या दोन न वाकणाऱ्या बोटांच्या हाताने. म्हणतात, "ही माझी भावजय. हिने केली. आणि माझा हा डोळाही हिनेच घालवला. विचारा तिला कसा, ती सांगेल."

लोक हसावं की नाही या गोंधळात भिंगरीकडे बघतात. ती खाली निघून जात नाही. कोणतं पाणी, किती दिवस ठेवलं, ओळ कशी वाचली होती आणि तरी काय केलं, ते पहिल्यापासून सांगायला लागते.